माहेरी गेली, बरी आहे

५ मे, जळगाव

लिहायचं लिहायचं म्हणता म्हणता आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, होऊन गेली. ही वही मिळाली तेव्हा पाडवा होता. पहिल्या पानावर नाव टाकलं, भूपेंद्र, खाली झोकात रेघ मारली आणि त्यानंतर रोज त्या रेघेवर चहाचा पेला ठेवत आलो. आता नावाच्या खाली गोल गोल डाग आहेत. डाग बरे दिसतात, म्हणून पान फाडलं नाही.

वही अभिमन सरांनी दिली. सर आमच्या मोजणीचे प्रमुख. म्हणाले, "फॉर्म ऑफिससाठी भरा. पण घराघरांतून फिरून आल्यावर पोटात काही उरलं तर ते इथे काढा. ही मी मागणार नाही." मला वाटलं मागतील. मागितली नाही. न मागितलेली गोष्ट करायला मला नेहमीच उशीर होतो.

काम काय ते एकदा लिहून ठेवतो, नाहीतर पुढे मलाच कळणार नाही की हे कुठलं. सुरतेला साड्यांच्या घड्या घालत होतो ते, की भुसावळला मोबाईल उघडून बसायचो ते. कॉलेजात नाव घातलं होतं, पण दुसऱ्या वर्षाला कॉलेज कंटाळलं की मी, ते ठरलंच नाही.

तर आमच्या संस्थेची दोन पथकं आहेत. एक जळगावचं, एक धुळ्याचं. घरात कुणाचं डोकं बिघडलं (सर म्हणतात असं म्हणायचं नाही, मन अडचणीत आलं म्हणायचं), तर माणसाला उचलून दवाखान्यात न टाकता पथक घरीच येतं. नर्स येते, समजावणारा एक जण येतो, मधून मधून डॉक्टर. माणूस सावरेपर्यंत येत राहतात. ते चांगलं काम करतात का नुसत्या चकरा मारतात, हे आम्ही मोजायचं. बोलावल्यावर लवकर आले का, दर वेळी तीच माणसं आली का, घरच्यांचं ऐकून घेतलं का, दवाखान्यात ठेवायची पाळी टळली का. त्याचे गुण. गुणांवर ठरणार कुठलं पथक राहील.

आज पिंप्राळ्याच्या रस्त्याला एका निंबाला झोक्याचा दोर अजून लटकत होता. पोरी गेल्या, दोर राहिला. उन्हात उभं राहून बराच वेळ बघत राहिलो, तेवढ्यात एक फॉर्म भरायचा राहिला.

७ मे

असोद्याला गेलो. केळीच्या बागा दोन्ही बाजूंना, मध्ये गाव. आत शिरलं की एकदम गार वाटतं, आणि गावात आलं की परत भट्टी.

जीवरामआबांचं घर. घरात आबा, त्यांची बायको सुमनबाई, मुलगा नवीन, आणि नवीनची मुलगी, चार पावलं पळते आणि पडते एवढी, तिला सगळे चिमी म्हणतात. पथक आलं होतं ते सुनेसाठी. कामिनी नाव. माघ महिन्यात तिने जे करू नये ते करायला घेतलं होतं. सुमनबाईने वेळेवर धरलं. त्यानंतर सुनंदाबाई, म्हणजे जळगाव पथकाच्या नर्स, रोज यायच्या, मग एक दिवसाआड.

कामिनी घरी नव्हती.

"माहेरी गेली. आखाजीले," सुमनबाई म्हणाल्या. हात थांबला नाही. केळ्याच्या वेफर्स करत होत्या, कढईत सरसर किसून टाकत होत्या. बाई उभट, तोंड करडं. हसल्या तर चुलीला राग येईल अशी.

मी विचारलं, "पथकाचं काम कसं वाटलं?"

"आले. बसले. गेले."

"वेळेवर आले?"

"तू आला का वेळेवर? सकाळी येतो म्हने फोनवर. आता काय सकाळ आहे?"

रस्त्यात रसवंतीवर थांबलो होतो, पण ते तिला काय सांगणार. आबा खाटेवरून म्हणाले, "लय चांगले लोक. लिहून टाक सगळं चांगलं. पोरगी बरी झाली, माहेरी गेली, अजून काय पाह्यजे?"

मी भराभर गुण टाकले. पूर्ण. माझ्या गठ्ठ्यातलं सगळ्यात चांगलं घर.

निघताना सुमनबाईने विचारलं, तू कुठला? मी म्हटलं, शिंदखेड्याकडचा. मग त्यांनी आतून एक पिशवी आणली, गरम वेफर्सची, वर वर्तमानपत्र दाबलेलं.

"तिकडे गेला तर हे दे कामिनीले. शिंदखेड्याचंच माहेर तिचं. मी दिलं म्हनू नको. म्हन, नवीननं दिलं."

नवीन तिथेच गोठ्याच्या दाराशी उभा होता. ऐकून न ऐकल्यासारखं केलं त्याने. मी पिशवी घेतली. म्हातारीने मोजणीदाराचा हमाल करून टाकला. आणि नाव पोराचं सांग म्हणे. देणं जिवावर येतं अशा बायका असतात.

८ मे

काम नाही केलं. गरम होतं.

आमच्याकडे आखाजीला काय असायचं ते आठवत पडलो. खापरावरचे मांडे, आमरस, सांजोऱ्या. पितरांची घागर. पुरुष मंडळी पत्त्याला बसायची, तेवढ्या एका दिवसाला कुणी काही बोलायचं नाही. आणि गल्लीत सगळ्या सासुरवाशिणी आलेल्या, त्यांचा आवाज. सासरी बायका एवढ्या मोठ्याने हसतात का कुणास ठाऊक. झोक्यावर उभं राहून दोघी दोघी चढवायच्या, लुगडं फडफडायचं, आणि खालून आम्ही पोरं ओरडायचो.

नूतन अक्का माझी मोठी बहीण. ती झोका असा चढवायची की फांदीची पानं तोंडात धरून आणायची.

सगळ्यात छान आखाजी ती, ज्या वर्षी अक्का आली आणि परत गेलीच नाही. बाबाच जाऊन तिला घेऊन आले होते. बाकीच्या पोरी चार दिवसांनी आपापल्या सासरी गेल्या, दोर सुटले, आमचा दोर तसाच. मला काय आनंद! आषाढ आला तरी अक्का घरी. आई दुपारी ओट्यावर बसून फाट्याकडे बघत राहायची, भाऊजी न्यायला येतील म्हणून. मी मनात म्हणायचो, नको येऊ देत. अक्का वेणी घालायची, सोडायची, परत घालायची. तिच्या ताटातलं सगळं मलाच द्यायची. म्हणायची, "भुप्या, आठेच बठ. कोठे जाऊ नको." मी तिच्या खाटेला टेकून चिंचोक्यांनी खेळत बसायचो. आयुष्यात एका जागी तेवढाच बसलो असेन मी.

पोळ्याच्या सुमाराला मला मामाकडे पाठवलं. आलो तर अक्का नव्हती. कावीळ झाली म्हणाले.

काय लिहायला बसलो होतो? मांडे. मांडे आता कुणी खापरावर करत नाही.

११ मे, शिंदखेडा

तिकीट नरडाण्याचं होतं. नरडाण्याला धुळे पथकाची घरं आहेत. पण सुरत पॅसेंजरच्या दारात एक म्हशीवाला भेटला. म्हैस घेताना शेपूट का बघायचं हे तो सांगत होता, आणि नरडाणा निघून गेलं. पुढे शिंदखेडा. पिशवी होतीच बरोबर.

घर सापडलं. धाब्याचं, पुढे ओटा, ओट्यावर कामिनीची आई, भिकुबाई. बसल्या बसल्या तूर निवडत होती.

"कोन शे रे भाऊ?"

म्हटलं, असोद्याहून आलो. तशी ती ताडकन उभी राहिली. "जवाईबापू कोठे शे?" माझ्या पाठीमागे बघायला लागली. मी एकटाच आहे हे कळल्यावर हळूच बसली. मग मी आपल्या बोलीत बोललो, गाव सांगितलं, तेव्हा म्हणाली, "बठ ना मग. आपलाच शे तू. दिपमाला, पानी आन व."

दिपमाला ही भावजय, कामिनीच्या भावाची, प्रेमराजची बायको. पाणी देताना तिने माझ्याकडे काही बोलायचं असल्यासारखं पाहिलं आणि सासूकडे बघून आत गेली.

कामिनी बाहेर आली. माझ्याच वयाची. मला वाटलं होतं आजारी दिसेल. आजारी नाही, धुऊन धुऊन रंग गेलेल्या कापडासारखी दिसली. मी पिशवी दिली. "नवीनभाऊंनी दिलं."

तिने वर्तमानपत्र काढलं, वास घेतला.

"त्यांनी स्वतः दिलं?"

"हो."

"येतो म्हणाले?"

आता काय बोलणार? ती अशी बघत होती की मी म्हटलं, "येतीलच की."

ती हसली. एवढंसंच. मला बरं वाटलं.

पथकाबद्दल विचारलं. म्हणाली, "सुनंदा सिस्टर चांगल्या होत्या. फार बोलायच्या नाहीत, बसायच्या. असोद्याला माझ्या बोलीला सगळे हसायचे, शे शे करून चिडवायचे. सिस्टर माझ्याशी माझ्या बोलीत बोलायला जायच्या आणि चुकायच्या. मग मीच हसायचे." वर्तमानपत्राची घडी करत म्हणाली, "इथे मला काय झालं होतं ते कुणालाच माहीत नाही. इथे मी आखाजीला आलेय."

"इथे कुणी भेटायला आलं? धुळ्याचं पथक?"

तिला कळलंच नाही मी काय विचारतो ते. दिपमाला आतून म्हणाली, "कोन्ही वनं नई. गोळ्या बी सरन्यात."

भिकुबाईने तिच्याकडे असं पाहिलं की भांडी वाजायची थांबली. मग मला म्हणाली, "चांगली शे मनी पोर. तिले काय व्हयनं? आखाजी व्हयनी, आते जवाईबापू येतीन, लई जातीन. आम्ही कसं सोडाले जाऊ? पोर जड जायनी म्हनतीन."

जेवल्याशिवाय सोडलं नाही. आमरस, कुरडई. अगदी आईच्या हातचा. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली आणि झोप लागली. स्वप्नात झोका होता, वर कोण होतं ते दिसलं नाही.

१४ मे, जळगाव

आज शिव्या खाल्ल्या. बोलावलं नसताना शिंदखेड्याला का गेलास, मोजायचं ते सोडून भलतीकडे कशाला, वगैरे. सर रागावले की टेबलावरच्या वस्तू सरळ करत बसतात. माझा चहाचा कपही त्यांनी सरळ केला. मी सांगायचं ते सांगितलं. कामिनीला बरं नाही. गोळ्या संपल्यात. कुणी येत नाही.

सुनंदाबाई तिथेच होत्या. खाली बसल्या. जाड, हसऱ्या, पायात कायम स्पोर्ट्स शूज. "फाईल मीच बंद केली रे. 'माहेरी गेली, बरी आहे.' भाऊ न्यायला आला होता आणि पोरीने नवी साडी नेसली होती. माझे तर डोळे भरून आले. आखाजीला माहेरी निघालेली बाई आजारी कशी असेल, असंच वाटलं बघ मला. मीही जातेच की दरवर्षी."

"पोरगी मागे ठेवून गेली ती," मी म्हटलं.

"म्हणाली, विश्रांती मिळेल."

सरांनी विचारलं, "मग धुळ्याच्या पथकाला का नाही सोपवली?"

"सोपवायची ती आजारी माणसं, सर. ती बरी म्हणून गेली."

मग सर स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "दरवर्षी एप्रिल-मेमध्ये जळगावचे आकडे सुधारतात. दाखल होणारे कमी, तक्रारी कमी. मी अहवालात लिहितो, सुधारणा उल्लेखनीय. मला वाटायचं, कापूस विकून झालेला असतो, हातात पैसा असतो, म्हणून."

"आखाजी असते," सुनंदाबाई म्हणाल्या.

सर उठून खिडकीशी गेले. मला म्हणाले, "त्या घराला तू किती गुण दिलेस?"

"पूर्ण."

"राहू दे. खोडू नकोस. मला ते तसंच बघायचंय."

सुनंदाबाईने धुळ्याला फोन लावला. तिथल्या नर्स बेबाबाई. त्या म्हणाल्या, पत्ता द्या, पण घरच्यांनी बोलावल्याशिवाय दारात गाडी कशी नेऊ? मग भिकुबाईला फोन. ती म्हणाली, "आमनाकडे कोनी आजारी नई," आणि ठेवला.

खरं तर प्रश्न एवढाच आहे की तिला कुणी न्यायला यावं. मी सुनंदाबाईला विचारलं, हे लोक जात का नाहीत? त्या म्हणाल्या, "न्यायला नवरा जातो, दीर जातो, फार तर सासरा. तिकडचे म्हणत असतील ते येतील, इकडचे म्हणत असतील ते सोडतील. जो आधी हलेल त्याच्यावर खापर. मधल्या मध्ये पोरगी ओट्यावर."

१७ मे

काही नाही. दिवसभर चिंचेखाली एका माणसाला साप पकडताना पाहिलं. नाग नव्हता, धामण होती. गर्दी मात्र नागाची झाली.

२० मे

सकाळी फोन आला. शिंदखेड्याला मी नंबर देऊन आलो होतो. दिपमाला. आवाज दाबून, बहुतेक गोठ्यातून बोलत होती.

"भाऊ, तुम्ही सांगं व्हतं ना, पाव्हना येतीन?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ताई रोज सवारीसन बठे. डोकं विंचरीसन, चांगली साडी नेसीसन, ओटावर. गाडी वनी का उभी ऱ्हाये. तुम्ही गयात तवयपशी. आते दोन रोज व्हयनात, मझार घरमा खाटवर शे. भितकडे तोंड करीसन. घासभर बी खास नई, झोपस नई." मग आणखी हळू, "त्या धुळ्यानी गाडीले बोलावा. मनं नाव सांगू नका सासूले."

मी म्हटलं, घरच्या माणसाने सांगावं लागतं वहिनी, नाव लागेल.

पलीकडे म्हैस हंबरली. मग म्हणाली, "लिखा मग."

बेबाबाईंना सांगितलं. परवा येते म्हणाल्या, एकदम गाडी घेऊन नाही येत, उगाच गाव गोळा होईल.

मी काय केलं? दोन शब्द बोललो होतो, येतीलच की. कुणीही बोललं असतं. पिशवीसुद्धा मी माझी म्हणून नेली नव्हती. त्या म्हातारीने सांगितलं तसं सांगितलं.

अक्कासुद्धा भिंतीकडे तोंड करून निजायची, शेवटी शेवटी. मी पाठीवर बोटाने अक्षरं काढायचो आणि तिने ओळखायची. आधी ओळखायची. कावीळ झाल्यावर डोळे पिवळे होतात ना? तिचे पिवळे होते का ते आठवत नाही. भिंतीकडेच असायचे. मामाच्या गावाला पेरू फार छान होते त्या वर्षी.

२१ मे

असोद्याला गेलो, कुणी न सांगता. दुपारचं ऊन असं की केळीची पानं कडेने भाजल्यासारखी झालेली. रसवंती लागली, थांबलो नाही.

सगळे घरात होते. मी उभ्या उभ्याच बोललो. गुणांचा कागद नव्हता हातात, त्यामुळे हातांचं काय करावं कळत नव्हतं. म्हटलं, ती रोज नटून ओट्यावर बसत होती, नवीनभाऊ येणार म्हणून. आता खाटेवर आहे. खात नाही.

आबा म्हणाले, "आमी कायले जावं? त्यायनं नेली, त्यायनं आनून सोडावं. उद्या आमी घेऊन आलो अन् हिथी परत काही केलं तिनं, तर लोकं आमच्या घराले नाव ठेवतीन. माघात काय झालं ते तुले माहीत आहे ना?"

मी नवीनकडे वळलो. धिप्पाड माणूस, नखं कुरतडत होता. म्हणाला, "मी गेलो अन् तिनं येत नाही म्हटलं, तर?"

"म्हणून जातच नाही?"

"मी त्या दिवशी घरातच होतो," तो म्हणाला. "बाजूच्या खोलीत. मले काहीच ऐकू आलं नाही. मायले आलं." आणि उठून बागेकडे गेला.

चिमी माझ्या चपला घालून अंगणात फिरत होती. सुमनबाई तिला पदराने वारा घालत होत्या. त्यांचं तोंड तसंच, दगडी. मी म्हटलं, "तुम्हीच सांगितलं होतं, नवीनने दिलं म्हण. त्यानेच ती वाट बघत बसली."

त्यांचा पदर हलायचा थांबला. मग विचारलं, "जेवते का रे ती?"

"आत्ताच सांगितलं ना, नाही."

"चहा?"

"माहीत नाही."

"भाकर नको देऊ म्हना तिले. तिले ताकातली कन्नी लागते. पातय." हे म्हणून आत गेल्या. सून तिकडे भिंतीकडे तोंड करून पडली आहे आणि बाईला कण्यांची पडली आहे! परत आल्या तर मला विचारतात, "तू जातो ते शिंदखेड्याची गाडी सकाळची कितीले असते?"

म्हणजे, निघ. एवढी भाषा मला कळते. चिमीच्या पायातल्या चपला सोडवून घेतल्या आणि निघालो.

बसमध्ये मनातल्या मनात त्या घराचे सगळे गुण खोडले. मग लक्षात आलं, ते पथकाचे गुण होते. घरांना गुण द्यायला मला कुणी सांगितलेलंच नाही.

२२ मे, शिंदखेडा

ओट्यावर बसून लिहितोय. आत बसवत नाही आणि बाहेर जाववत नाही.

बेबाबाई सकाळी आल्या. गाडी स्टँडवर सोडली आणि चालत आल्या, हातात पिशवी, पाहुणी आल्यासारख्या. बरोबर समजावणारे एक पोरगेलेसे दादा. भिकुबाईने आधी ओळखलंच नाही. ओळखलं तेव्हा दारात आडवी झाली. "आमनाकडे कोनी आजारी नई." तेवढ्यात प्रेमराज शेतातून आला. धुळीने भरलेला, खांद्यावर दोर.

"कोन्ही बोलावं यासले?" माझ्याकडेच बघून.

मी तोंड उघडणार तोच दिपमाला म्हणाली, "मी."

सगळे तिच्याकडे वळले. तिने पदर खोचलेलाच होता. "मी बोलावं. बहीन शे ती तुमनी. आठे मरी जाई ना, तवय बी आखाजीले येल शे म्हनसात का?"

भिकुबाई खाली बसली. तिचा हात नुसताच जमिनीवरून फिरत राहिला. प्रेमराजने खांद्यावरचा दोर काढला, कुठे ठेवावा कळेना, परत खांद्यावर टाकला. मग दारातून बाजूला झाला.

बेबाबाई आत गेल्या त्याला आता बराच वेळ झाला. मधे बाहेर येऊन भिकुबाईला म्हणाल्या, "अक्का, खरं सांगते. ती माझ्याशी बोलत नाही, मी तिला अनोळखी. संध्याकाळपर्यंत तिने घोटभर काही घेतलं, गोळी घेतली, तर मी रोज इथे येईन आणि तिला इथेच ठेवू. नाही घेतलं तर मला तिला धुळ्याला न्यावं लागेल. एकटी सोडून मी जाणार नाही."

धुळ्याला म्हणजे दवाखान्यात. हे आतपर्यंत ऐकू गेलं असणार, कारण तेव्हाच कामिनी आज पहिल्यांदा बोलली. "माले कोठे लई जाऊ नका." भिंतीकडेच तोंड. मग परत काही नाही.

मी मघाशी दिपमालाला ताकातल्या कण्या करायला सांगितल्या. कुणी सांगितलं ते नाही सांगितलं. वाटी खाटेशी ठेवली आहे. कामिनीने हात नुसता त्या बाजूला नेला आणि परत घेतला, असं बेबाबाई म्हणाल्या. त्या म्हणाल्या, हेही लिहून ठेव, तुझ्या मोजणीत बसत असेल तर. बसत नाही. मी इथे लिहिलं.

भिकुबाई मघाशी विचारून गेली, "तू काब्र बठेल शे आठे? जा ना, खाई ये काही." मी म्हटलं, बसतो. तिने पुन्हा विचारलं नाही. खाट दाराच्या अगदी जवळ आहे. इथून तिची वेणी दिसते, अर्धी सुटलेली. मी पोळ्याला जर मामाकडे

नाही. ते नाही लिहीत आता.

जळगावहून सुरतेला जाणारी गाडी मघाशी येऊन गेली, शिट्टी ऐकू आली. तेव्हा कामिनीचे खांदे हलले आणि पुन्हा निवांत झाले. नवीन येणार नाही हे तिला आता पक्कं कळलंय. मीच उठून सांगावं का तिला, की वेफर्सही त्याने दिल्या नव्हत्या? सांगितलं तर बरं की वाईट? हे कुणाला विचारू? बेबाबाई घड्याळ बघतायत. प्रेमराजला त्यांनी हळूच सांगितलं, गाडी स्टँडवरून आणायला लागेल बहुतेक, एखादी चादर काढून ठेवा.

चादर भिकुबाईने काढली. घडी घालते, मोडते, परत घालते.

गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. रिक्षावाल्याशी कुणीतरी भांडतंय, घर शोधत आलंय. लहान पोराचा आवाज. पोर 'आई' म्हणून ओरडतंय, सारखं, त्याला दुसरं काही येत नसल्यासारखं.

आत खाट वाजली.

मी उभा राहून लिहितोय, अक्षर वेडंवाकडं येतंय. नवीन नाही. आबा नाहीत. भिकुबाई दारात जाऊन थिजली आहे, डोक्यावरून पदर घ्यायचंही तिला सुचत नाहीये. काखेत चिमी, दुसऱ्या हातात झाकण घट्ट बसवलेला डबा, आणि तोंड तसंच करडं. सुमनबाई आल्यात. एकट्या.